फ्रँकफर्टपासून जवळ

पुण्याच्या माणसाच्या परदेशवारीचा पहिला टप्पा म्हणजे एक्स्प्रेसवे. विमान रात्री दोनचं असलं तरी टॅक्सी दुपारी चारलाच दारात उभी. घाटात कंटेनर उलटला असला तर, खालापूरला टोलची रांग असली तर, वाशीच्या खाडीपुलावर ट्रॅफिक असला तर, असे सगळे ‘तर’ जमेस धरून निघायचं आणि त्यातला एकही झाला नाही तर टी-टूच्या दाराबाहेर बॅगांवर बसून घरचे पराठे खायचे. त्यामुळे विमानतळ परगावी असतो, हे पुणेकराला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समजावावं लागतं ते उलटंच. परगावचा विमानतळ जवळही असू शकतो, यावर त्याचा विश्वास बसत नाही.

मी बॉनला राहते. आमच्या गावाच्या नावाचा विमानतळ आहे, कोलोन-बॉन. पण मुंबईहून येणाऱ्याला तो फारसा कामाचा नाही. तेव्हा आमच्याकडे येणारे बहुतेक सगळे फ्रँकफर्टला उतरतात आणि तिकीट काढायच्या आधी फोन करून विचारतात, “फ्रँकफर्ट तुझ्यापासून किती लांब?” याचं सरळ उत्तर मला अजून देता आलेलं नाही. नकाशावर बघितलं तर फ्रँकफर्ट ते आमच्या शेजारचं कोलोन साधारण १८० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ मुंबई-पुण्याएवढं. डेक्कन क्वीन १९३० पासून धावते आहे आणि आजही तिला तीन तासांच्या वरच लागतात. फ्रँकफर्ट विमानतळावरून सुटलेली आयसीई, म्हणजे जर्मनीतली वेगवान गाडी, तासाभरात कोलोनला पोचते. आता हायडेलबर्ग घ्या. ते अंतराने निम्म्याहून कमी, पण मानहाइमला गाडी बदलावी लागते आणि तासभर तिथेही जातो. म्हणजे विमानातून उतरलेल्या माणसाला कोलोन आणि हायडेलबर्ग सारख्याच अंतरावर. आणि विमानतळाच्या आसपासच्या टेकड्यांमधलं एखादं खेडं, जिथे तासाला एक बस जाते, ते या दोन्हींपेक्षा लांब. इकडे आलेल्या पाहुण्याला मी सांगते की नकाशा मिटून ठेव, वेळापत्रक उघड.

कोलोन इतकं जवळ आलं ते २००२ साली, नवा मार्ग सुरू झाल्यावर. त्याआधी गाड्या ऱ्हाईन नदीच्या काठाने, तिच्या वळणांबरोबर वळत जायच्या. नवा मार्ग नदी सोडून सरळ डोंगरावर चढला आणि बराचसा ए-थ्री महामार्गाला खेटून गेला. आपल्या बोरघाटात चढ ३७ ला १ आहे आणि त्यासाठी कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लावावी लागतात. इथला चढ काही ठिकाणी २५ ला १ आहे आणि वर वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत. हे जमतं कारण या गाडीला पुढे एक इंजिन असा प्रकारच नाही. मुंबईच्या लोकलसारख्या हिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत, सगळी गाडीच स्वतःला ढकलते. मालगाड्या या मार्गावर येत नाहीत, त्या अजून नदीकाठानेच जातात. वाटेत लिंबुर्ग आणि मोंटाबाउर असे दोन थांबे आहेत, एकमेकांपासून अवघ्या वीसेक किलोमीटरवर. ताशी ३०० ने जाणाऱ्या गाडीला वीस किलोमीटरवर दोन थांबे कशाला, असं कोणीही विचारेल. तर लिंबुर्ग एका राज्यात, मोंटाबाउर दुसऱ्या. दोन राज्यं म्हटली की दोन थांबे. एवढं ऐकल्यावर पुढचं आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

फ्रँकफर्ट विमानतळाला स्टेशनंही दोन आहेत आणि नवख्या माणसाची पहिली तारांबळ इथेच उडते. जुनं स्टेशन १९७२ चं, टर्मिनल एकच्या पोटात, फलाट १ ते ३. तिथून एस-बान, म्हणजे तिथली लोकल, फ्रँकफर्ट शहरात आणि उलट दिशेला माइन्झ-वीसबाडेनकडे जाते. दुसरं १९९९ चं, लांब पल्ल्याच्या गाड्यांचं, फलाट ४ ते ७. ते रस्त्यापलीकडे आहे आणि तिथे काचेच्या पुलावरून चालत जावं लागतं. सामानाची ट्रॉली ढकलत दहा-पंधरा मिनिटं धरावीत. त्या स्टेशनाच्या डोक्यावर खांबांवर उभी असलेली ६६० मीटर लांबीची इमारत आहे, आत हॉटेलं आणि ऑफिसं. खाली गाड्या, वर मीटिंगा. बॅग ओढत जाणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला फक्त पाट्या दिसतात आणि त्यातल्या एकीवर ‘रेगिओनालबानहोफ’ (ते जुनं, लोकलचं) असतं, दुसरीवर ‘फेर्नबानहोफ’ (ते लांब पल्ल्याचं). तिकिटावर यातलं कुठलं नाव आहे ते विमानात बसायच्या आधीच बघून ठेवावं, झोपमोड झालेल्या डोळ्यांना पहाटे हे फरक दिसत नाहीत.

मागे मावशी आणि काका आले तेव्हा मी त्यांना घ्यायला गेले होते. काकांचा जन्म बँकेत गेला. कुठलाही कागद आला की तो पूर्ण वाचल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. फलाटावर डब्यांची रचना दाखवणारा फलक होता, काका त्याच्यासमोर उभे राहिले.

“अगं, इथे २१ ते २८ लिहिलंय, मग एकदम ३१ ते ३८. मधले दोन डबे गेले कुठे?”

“दोन गाड्या आहेत त्या काका. एकमेकींना जोडल्यात.”

“मग एकीतून दुसरीत जाता येतं?”

“नाही. मधे रस्ताच नाही.”

“म्हणजे चुकीच्या अर्ध्यात चढलो की बसलो तिथेच.”

काकांनी अगदी नेमका मुद्दा काढला होता. आयसीईच्या दोन गाड्या तोंडाला तोंड लावून जोडलेल्या असतात आणि धावताना इकडून तिकडे जाता येत नाही. काही मार्गांवर तर त्या वाटेत सुटतात, एक अर्धी एका गावाला आणि दुसरी अर्धी भलतीकडे. म्हणून फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि आपला डबा कुठल्या अक्षराखाली येणार ते फलकावर दाखवतात. सगळे शांतपणे आपापल्या अक्षराखाली उभे राहतात. मग कधीतरी, गाडी यायला तीन मिनिटं असताना, आज डबे उलट्या क्रमाने आहेत अशी घोषणा होते आणि ‘ए’वाले ‘जी’कडे, ‘जी’वाले ‘ए’कडे धावत सुटतात. जर्मन शिस्तीबद्दल ज्यांना फार आदर आहे त्यांनी हे दृश्य एकदा बघावं.

काकांचा दुसरा आक्षेप आरक्षणाचा. मी आमच्या जागा राखून ठेवल्या होत्या, त्याचे वेगळे पैसे भरले होते आणि ते त्यांना पावतीवर दिसले.

“तिकीट काढलंय ना? मग हे वरचे कशाचे?”

“तिकिटात बसायची जागा येत नाही इथे. जागा हवी असेल तर वेगळी घ्यायची.”

“म्हणजे वेटिंग लिस्ट?”

“वेटिंग लिस्टच नाही. कितीही तिकिटं विकतात. मिळाली जागा तर बसायचं, नाही तर उभं राहायचं.”

मावशी म्हणाली, “म्हणजे जनरलच की गं हे!” आणि आपली पर्स काखेत घट्ट धरली.

एका अर्थी आहेच. फक्त या जनरलचं तिकीट दोनेक महिने आधी घेतलं तर वीस-तीस युरोत येतं आणि ऐन वेळी घेतलं तर त्याच्या तिप्पट-चौपट. विमानतळावरून पुढे जाणाऱ्यांची खरी पंचाईत इथे आहे. स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीचं असतं. ती गाडी चुकली की तिकीट गेलं. विमान उशिरा आलं म्हणून चुकली, तरी रेल्वेचा त्याच्याशी संबंध नाही. रेल्वेचीच गाडी उशिरा असेल आणि मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसत असेल, तर मात्र त्याच तिकिटावर दुसऱ्या गाडीने जाता येतं. मुक्कामाला तासभर उशीर झाला तर पाव पैसे परत, दोन तास झाला तर निम्मे. महागडं तिकीट त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं. तिसरी वाट म्हणजे विमान कंपनीकडूनच रेल्वेचं तिकीट जोडून घ्यायचं. म्हणजे मग ‘विमान लेट झालं’ ही तुमची अडचण राहत नाही, तुम्हाला पुढच्या गाडीत बसवणं हे त्यांचं काम होतं. म्हाताऱ्या माणसांना एकटं पाठवणार असाल तर मी हेच सुचवते, थोडे पैसे जास्त गेले तरी.

आणि वेळ किती ठेवायचा? इथे पुणेकरांचा ‘तर’ पुन्हा कामाला येतो. पासपोर्टची रांग, बॅगांचा पट्टा, पुलावरचं चालणं. त्यातच १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या हद्दीवर बाहेरच्यांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा येणाऱ्याने तर रांगेचा भरवसा धरूच नये. विमान उतरल्यापासून दोन तासांच्या आतली गाडी मी कुणालाही घेऊ देत नाही. कुणी म्हणतं, अगं, दीड तास बास झाला. तासाभराने मग फोन येतो आणि त्यात बॅगांच्या पट्ट्याबद्दल बरंच काही असतं.

जर्मन गाड्या वेळेवर धावतात ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे, तिचाही इथे निकाल लावायला हवा. २०२४ मध्ये डॉइचे बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या आणि ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांच्या आत. रद्द झालेली गाडी या हिशोबात धरतच नाहीत, जी आलीच नाही ती उशिरा कशी असेल! स्वित्झर्लंडमध्ये तीन मिनिटांचा निकष लावूनही नव्वदच्या वर टक्के गाड्या वेळेवर असतात. उशिरा आलेली जर्मन गाडी आपलं वेळापत्रक बिघडवू नये म्हणून स्विस लोक तिला बाझलमध्येच थांबवतात आणि उतारूंना आपल्या गाडीत बसवून पुढे नेतात. घरातल्या उशिरा उठणाऱ्या भावाला वगळून पंगत बसवावी तसं. तेव्हा जर्मनीतून पुढे झुरिकला किंवा इंटरलाकेनला जायचं असेल तर बाझलला गाडी बदलायची मनाची तयारी ठेवूनच बसावं.

आता माझी स्वतःची आवड. बॉनला यायला दोन वाटा. एक नव्या मार्गाने झीगबुर्गपर्यंत, चाळीसेक मिनिटं, आणि तिथून ६६ नंबरच्या ट्रामने पंचवीस मिनिटं. दुसरी जुन्या, नदीकाठच्या मार्गाने माइन्झ-कोब्लेन्झवरून थेट बॉनच्या मुख्य स्टेशनात. ऐकायला पहिली फार झटपट वाटते. पण झीगबुर्गला गाडीतून उतरा, बॅगा लिफ्टने खाली न्या, ट्रामची वाट बघा, ऑफिस सुटलेल्या गर्दीत दोन मोठ्या बॅगा मधे उभ्या करून सगळ्यांच्या नजरा झेला. हे सगळं धरलं तर दोन वाटांत फरक उरतो तो पाऊण तासाहून कमी. ताशी ३०० किलोमीटर वेगाने कमावलेली बरीचशी मिनिटं ट्रामच्या थांब्यावर संपतात. मला तरी हा सौदा पटत नाही. मी पाहुण्यांना नदीकाठाने आणते.

थेट गाडी नसेल त्या वेळी विमानतळाखालच्या स्टेशनातून एस-बानने माइन्झला जायचं आणि तिथे बदलायचं. यातही एक मेख आहे. एस-आठ आणि एस-नऊ दोन्ही वीसबाडेनलाच जातात, एकाच फलाटावरून सुटतात, पण माइन्झच्या मुख्य स्टेशनात फक्त आठ जाते. नऊ नदीच्या पलीकडून निघून जाते आणि माइन्झ आपल्याला पाण्यापलीकडे दिसत राहतं.

माइन्झ सोडलं की उजव्या हाताची खिडकी धरावी, पूर्ण मार्गभर नदी त्याच बाजूला आहे. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतचा तो पट्टा २००२ साली युनेस्कोच्या यादीत गेला. योगायोग असा की ज्या वर्षी गाड्यांनी नदीची वाट सोडली त्याच वर्षी. दोन्ही काठांना उभे चढ, चढांवर द्राक्षांच्या ओळी, इतक्या उभ्या की माणूस तिथे कसा टिकून काम करतो कळत नाही. प्रत्येक वळणाला एखादा किल्ला. मावशी सह्याद्रीतले किल्ले चढलेली, तिला हे किल्ले जरा बुटके वाटले. “यांना माचीबिची नाही का गं?” पण काऊबच्या समोर नदीच्या मधोमध एक किल्ला आहे, जहाजासारखा निमुळता, पांढरा. तो बघून ती उठूनच उभी राहिली. १३२७ च्या सुमारास बांधलेला, कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून जकात घ्यायला. काका म्हणाले, “खालापूरच!” आणि त्यानंतर कोब्लेन्झपर्यंत दिसलेल्या प्रत्येक किल्ल्याला ते टोलनाकाच म्हणत होते. फार चुकत होते असंही नाही.

नदीकाठाला मोठ्या पांढऱ्या पाट्या दिसतात, त्यांवर आकडे. कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजलेले ते ऱ्हाईनचे किलोमीटर, नावाड्यांसाठी. काकांनी पुढचा अर्धा तास त्या पाट्या आणि हातातलं घड्याळ यांवरून गाडीचा वेग काढण्यात घालवला. लोरेलाय नावाचा जो प्रसिद्ध कडा आहे तो पाचशेचोपन्नच्या पाटीपाशी समोरच्या काठावर येतो, १३२ मीटर उंच. सोन्यासारखे केस विंचरत बसलेल्या आणि नावाड्यांना भुलवून खडकांवर आपटायला लावणाऱ्या बाईची गोष्ट मी सांगायला घेतली, तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली. बाहेर आलो तेव्हा कडा मागे पडला होता. काकांचं उत्तर मात्र तयार होतं, ताशी शंभरच्या आसपास.

बाकी युरोपात काय, असंही लोक विचारतात. आम्सटरडॅमचं स्खिपहोल मला सगळ्यांत सोपं वाटतं. सामान घेऊन बाहेर आलात की समोरच्या हॉलमध्येच फलाटांवर उतरायचे जिने, बँकेचं कार्ड टेकवायचं, आत जायचं, पाव तासात आम्सटरडॅम, तेवढ्यातच लायडन, अर्ध्या तासात उट्रेख्ट. उतरताना कार्ड पुन्हा टेकवायला विसरू नये एवढंच. ब्रसेल्सच्या विमानतळावरून लूवेन आणि मेखेलेन पंधरा मिनिटांच्या आत-बाहेर, पण तिथे विमानतळाच्या स्टेशनाचा वेगळा अधिभार आहे. २०१२ मध्ये झालेल्या जोडमार्गाचा खर्च त्यातून वसूल करतात आणि ज्याच्या तिकिटात तो नाही त्याला फाटक उघडत नाही. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाखालून १९९४ पासून टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची वेगवान गाडी, सुटते. लील तासाभराच्या आत, लियाँ दोन तासांत, पॅरिस शहराचं तोंडही न बघता. आणि स्वस्तातल्या विमानांच्या जाहिरातीत शहराच्या नावापुढे आणखी एखादं नाव जोडलेलं असेल तर सावध. ‘फ्रँकफर्ट-हान’ फ्रँकफर्टपासून शंभरावर किलोमीटर आहे आणि तिथे रेल्वेच जात नाही. बाझलचा विमानतळ तर चक्क फ्रान्सच्या जमिनीवर आहे. त्यातून बाहेर पडायला एक स्विस दार आणि एक फ्रेंच दार. तिथेही स्टेशन नाही, बाझलला बसने जावं लागतं.

मुंबईत आता टी-टूखाली मेट्रो तीन आली, ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि वर्षभराने ती दक्षिणेला कफ परेडपर्यंत पोचली. सीएसएमटीला तिचं स्टेशन आहे. म्हणजे परदेशातून उतरलेला पुणेकर कागदावर तरी जमिनीवर न येता सीएसएमटी गाठू शकतो आणि तिथून पुण्याची गाडी. काकांना मी हे सुचवलं. ते म्हणाले, “तेवीस-तेवीस किलोच्या बॅगा घेऊन? आणि विमान पहाटे उतरलं तर मेट्रो सुरू व्हायची वाट बघू?” त्यांचं बरोबर आहे. नुसतं स्टेशन जोडून भागत नाही, विमानं ज्या वेळी उतरतात त्या वेळी गाडी हवी. फ्रँकफर्टला भल्या पहाटे उतरलेल्या माणसालाही खाली एस-बान मिळते.

सध्या घरच्या ग्रुपवर माझा भाचा पुढच्या उन्हाळ्याची तिकिटं शोधतोय. त्याला म्युनिकचं तिकीट सात हजारांनी स्वस्त दिसलं. “मावशी, जर्मनीच आहे ना, मग काय फरक पडतो?” म्युनिकच्या विमानतळाला लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन नाही. फक्त एस-बान, शहरात पोचायला चाळीसेक मिनिटं, आणि तिथून बॉन पाच तासांच्या आसपास. एके काळी तिथे चुंबकावर तरंगणारी गाडी आणायची योजना होती. स्टेशनपासून विमानतळ दहा मिनिटांत. तेव्हाचे बव्हेरियाचे मुख्यमंत्री एडमुंड श्टॉयबर यांनी २००२ मध्ये त्या दहा मिनिटांचं महत्त्व सांगताना वाक्यांचा असा काही गुंता केला की ते भाषण लोक अजून आठवून हसतात. खर्च साडेतीन अब्ज युरोच्या दिशेने निघाल्यावर २००८ मध्ये योजना गुंडाळली. त्याच तंत्राची गाडी शांघायच्या विमानतळावर मात्र धावते आहे.

हे सगळं मी भाच्याला लिहिलं. त्याने अंगठा पाठवला आणि म्युनिकचंच तिकीट काढलं. सात हजार ते सात हजार, आणि त्याला तिथे दोन दिवस राहून बीएमडब्ल्यूचं म्युझियम बघायचंय. ठीक आहे. आता त्याला एवढंच कळवायचं राहिलंय की परत जाताना एस-एक पकडलीस तर आपल्या डब्यावर विमानतळ लिहिलंय ना ते बघून बस. नॉयफार्नला त्या गाडीचे दोन तुकडे होतात आणि त्यातला एक फ्रायझिंगला जातो.